लिनक्सवर ब्लेंडर रखडतंय: ड्रायव्हर, कार्ड की आणखी काही?

जकार्डवाला | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे वडिलांच्या वेळेपासूनचे माग आहेत, चादर आणि टॉवेलचे. डिझाइनचं काम माझ्याकडे. वडील ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचे आणि तो कागद कार्ड पंचिंगला जायचा. मी गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन करतो, मग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घडी घातलेली चादर, दांडीवर टाकलेला टॉवेल असं बनवून गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर फिरवून दाखवतो. सॅम्पल विणायच्या आधीच हो-नाही कळतं, सूत वाचतं.

मशीन सेकंडहँड आहे. प्रोसेसर (सीपीयू) एएमडीचा रायझन ५ ३४००जी, त्यातलंच वेगा ११ ग्राफिक्स, १६ जीबी रॅम, एसएसडी. लिनक्स मिंट २२, ओळखीच्या एका मुलाने टाकून दिलं.

अडचण अशी की चादर फिरवली की माउस पुढे आणि चादर मागे. परवा गिऱ्हाईक म्हणालं, "तुमचं नेट गेलं का?" नेट कुठलं जातंय, मशीनच गेलं होतं. पंखा तर असा ओरडतो की शेडमध्ये एक माग वाढल्यासारखा वाटतो.

दुकानदार म्हणतो वेगळं कार्ड टाका, जीटी ७१०, २ जीबीवालं. घेऊ का? की एएमडीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवायचा असतो? मी जीएलएक्सगिअर्स चालवून बघितलं, सोळाशेच्या आसपास एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढी चित्रं, येतात. म्हणजे ग्राफिक्स तर ठीकच दिसतंय. मग अडतंय कुठं?

(मंचाचा नियम देवनागरीचा आहे, म्हणून आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय. तुम्हीही तसंच लिहा, मी समजून घेईन.)

खिडकीवाला | रविवार, रात्री १०.५२

विंडोज टाका. विषय संपला.

कडकभाकरी | रविवार, रात्री ११.०५

आले लगेच. ओ, त्यांनी विचारलंय काय, सांगताय काय!

जकार्डवाला, मी जुळे सोलापुरातच असतो. कार्ड घ्यायची घाई करू नका. इथं एक ताई आहेत, त्या बघतील.

भुईकोट | रविवार, रात्री ११.२०

जीएलएक्सगिअर्सवर जाऊ नका. ती तीन चाकं फिरतात की नाही एवढंच बघायचं असतं. त्या आकड्यावरून ग्राफिक्सचा वेग सांगणं म्हणजे बैल शेपूट हलवतो का ते बघून तो किती एकर नांगरेल हे सांगण्यासारखं आहे.

टर्मिनलताई | सोमवार, सकाळी ७.१५

सोळाशे हाच आकडा मला खटकतोय. साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ड्रायव्हर नीट चालत असेल तर ही चाकं ६० लाच थांबायला हवीत. तुमची मोकाट सुटलीत.

तीन गोष्टी चालवा आणि जे दिसेल ते इथं टाका.

पहिली, जीएलएक्सइन्फो आणि पुढे डॅश मोठा बी. त्यात "ओपनजीएल रेंडरर" अशी ओळ असेल, ती. ही आज्ञा सापडली नाही तर मेसा-युटिल्स नावाचं पॅकेज टाका.

दुसरी, एलएसपीसीआय डॅश के. त्यात व्हीजीए लिहिलंय तिथल्या तीन-चार ओळी.

तिसरी, कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन. एकच लांब ओळ येईल, ती सगळी.

एएमडीच्या साइटवरून काहीही उतरवू नका. लिनक्सवर एएमडीचा ड्रायव्हर दोन तुकड्यांत असतो. एक कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्याचं नाव एएमडीजीपीयू. दुसरा वरच्या बाजूला, मेसा नावाच्या प्रकल्पात. मेसा १९९३ पासून चालू आहे, ब्रायन पॉलने सुरू केला होता. त्यात तुमच्या चिपसाठी रेडिऑनएसआय नावाचा भाग आहे. दोन्ही मिंटबरोबर येतात. प्रश्न ते आहेत का हा नाही, ते वापरात आहेत का हा आहे.

आर्चभाऊ | सोमवार, सकाळी ९.३०

मिंटचा कर्नल जुना असतो. मिंटऐवजी आर्च लिनक्स टाका, ताजा मेसा मिळेल.

कडकभाकरी | सोमवार, सकाळी ९.३४

एक खिडकीतून बाहेर पडला, हा दारातून आत आला.

जकार्डवाला | सोमवार, रात्री ९.१०

दिवसभर बीम चढवायचं काम होतं, आत्ता बसलो. ताई, हे घ्या.

रेंडरर: एलएलव्हीएमपाइप, पुढे २५६ बिट्स वगैरे.

एलएसपीसीआय: व्हीजीएखाली "कर्नल मॉड्यूल्स: एएमडीजीपीयू" एवढंच आहे.

सीएमडीलाइन: बरंच काही, आणि शेवटी क्वाएट स्प्लॅश नोमोडसेट.

टर्मिनलताई | सोमवार, रात्री ९.२५

सापडलं. निदान पहिला चोर तरी.

एलएलव्हीएमपाइप म्हणजे ग्राफिक्स चिप नसल्यासारखं समजून सगळं चित्र सीपीयूकडून रंगवून घेणारा भाग. तो वाईट नाही, अडीअडचणीला असतो. पण तुमचं वेगा ११ शेजारी हात बांधून बसलंय आणि सीपीयू एकटा चादर रंगवतोय. पंखा त्याचाच ओरडतोय.

एलएसपीसीआयमध्ये "मॉड्यूल्स" ही ओळ आहे, पण "ड्रायव्हर इन यूज" ही ओळच नाही, हे बघा. पहिली सांगते की या चिपला कोणता ड्रायव्हर चालेल. दुसरी सांगते की तो खरंच लागलाय. घरात कुलपाची किल्ली असणं वेगळं आणि कुलूप उघडलेलं असणं वेगळं.

कारण तिसऱ्या ओळीत आहे: नोमोडसेट. या शब्दाने कर्नलला सांगितलं जातं की ग्राफिक्स ड्रायव्हरने पडद्याला हात लावायचा नाही. इन्स्टॉल करताना काळा पडदा आला तर हा उपाय करतात आणि नंतर काढायचा विसरतात.

खात्री करायची असेल तर ब्लेंडर चालू ठेवून एचटॉप उघडा, सीपीयू कोण किती वापरतंय ते त्यात दिसतं, आणि मोठा एच दाबून धागे, म्हणजे एकाच प्रोग्रॅमची शेजारी-शेजारी चालणारी कामं, दिसतील असं करा.

जकार्डवाला | सोमवार, रात्री ९.५०

अरारारा. एलएलव्हीएमपाइप-० पासून एलएलव्हीएमपाइप-७ पर्यंत आठ ओळी, आठही पेटलेल्या. ब्लेंडरसमोर ७०० च्या वर टक्के.

त्या मुलाला फोन केला. म्हणाला, "हो काका, स्क्रीन काळी येत होती म्हणून टाकलं होतं, नंतर काढा म्हणून सांगायचं राहिलं." दीड वर्ष झालं त्याला.

आता काढू कसं? काळी स्क्रीन परत आली तर माझी पंचाईत होईल. दोन डिझाइनं उद्या द्यायचीत.

टर्मिनलताई | सोमवार, रात्री १०.०५

म्हणूनच आधी एका वेळेपुरतं काढून बघा. मशीन चालू होताना एस्केप दाबत राहा, ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू येईल. पहिल्या ओळीवर राहून ई दाबा. लिनक्सने सुरू होणाऱ्या लांब ओळीत नोमोडसेट शोधून खोडा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच असतो. काळं झालं तर बटण दाबून बंद करा, परत चालू केल्यावर जसं होतं तसं मिळेल.

नीट आलं तर /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलमधून तोच शब्द काढा, सूडो अपडेट-ग्रब चालवा आणि रीबूट करा.

जकार्डवाला | सोमवार, रात्री ११.४०

ताई, काहीतरी बिघडलं!

स्क्रीन नीट आली, काळी नाही झाली. रेंडररमध्ये आता एएमडी रेडिऑन वेगा ११, रेडिऑनएसआय असं लिहून येतंय. एलएसपीसीआयमध्ये "ड्रायव्हर इन यूज" पण आलं. पण जीएलएक्सगिअर्स सोळाशेवरून एकदम साठवर आलं! दीड वर्ष सोळाशे होतं की ओ!

भुईकोट | सोमवार, रात्री ११.४४

बैलाने शेपूट हलवायचं थांबवलं, आता तो नांगराला लागलाय.

टर्मिनलताई | सोमवार, रात्री ११.५०

हसू नका त्यांना, हे सगळ्यांचंच होतं. माझंही झालं होतं.

जकार्डवाला, मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. खरा ड्रायव्हर मॉनिटरची वाट बघतो आणि बरोबर ६० चित्रं देतो. आधीचा कोणाचीच वाट बघत नव्हता, न दिसणारी हजारो चित्रं काढून टाकून देत होता. तरी समाधान हवं असेल तर आज्ञेच्या आधी व्हीब्लँक_मोड=० लिहून चाकं चालवा आणि मग आकडा बघा.

पण ते सोडा. ब्लेंडर कसं चालतंय?

जकार्डवाला | मंगळवार, सकाळी ८.२०

व्हीब्लँकवालं बघितलं. चार आकडी, आणि पहिला आकडा चांगला मोठा. माफ करा, रात्री घाबरलो.

ब्लेंडर आधीपेक्षा लई बरं. चादरीभोवती कॅमेरा फिरतो तो सीन प्ले केला तर आधी ४ एफपीएस येत होते, आता बरोबर २४ येतात. पण २४ च्या वर एकदाही गेलं नाही. कार्डाची ताकद एवढीच का?

आर्चभाऊ | मंगळवार, सकाळी ८.४१

तुमच्या सीनचा फ्रेम रेटच २४ असणार, ब्लेंडरमध्ये मुळात तोच असतो. प्लेबॅक त्याच्या वर जाणारच नाही. आउटपुटच्या सेटिंगमध्ये ६० करा आणि परत मोजा. कमी पडलं तर कोपऱ्यातला आकडा लाल होतो.

टर्मिनलताई | मंगळवार, सकाळी ८.४५

+१. चांगलं पकडलंत. मोजायच्या आधी मोजपट्टी कुठं संपते ते बघायला हवं.

जकार्डवाला | मंगळवार, रात्री ९.३०

६० करून बघितलं. २६ येतात, लाल अक्षरात.

टर्मिनलताई | मंगळवार, रात्री १०.१५

आता खरं काम. इथवर फक्त चुकीचा मजूर लागला होता, तो बदलला.

६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. तुमच्या २६ ला साधारण ३८ मिलिसेकंद लागतायत. जास्तीचा वेळ कोण खातंय, एवढाच प्रश्न. चित्राचं काम दोन टप्प्यांत होतं. आधी सीपीयू आणि ड्रायव्हर मिळून कामाची यादी बनवतात: ही वस्तू काढ, तिला हे कापड लाव, इथून उजेड टाक. मग जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप, ती यादी घेऊन ठिपके रंगवतो. दोघं एकाच वेळी आपापलं करत असतात आणि जो हळू तोच वेग ठरवतो.

कोण हळू आहे ते ओळखायला महागडं काही लागत नाही. ब्लेंडरची खिडकी ओढून चौथाई करा, लांबी निम्मी, रुंदी निम्मी. तोच सीन चालवा. ठिपके चौथाई झाले, यादी मात्र तेवढीच राहिली. वेग वाढला तर जीपीयू अडत होता. नाही वाढला तर जीपीयू बिचारा यादीची वाट बघत होता.

जकार्डवाला | मंगळवार, रात्री १०.४०

चौथाई केल्यावर ५० च्या पुढे गेलं.

आणि ताई, हे आमच्या शेडसारखंच आहे. माग थांबला की आम्ही आधी बघतो की का थांबला. कांडी संपली का, बीम संपला का, मोटार तापली का. कांडी भरणारी बाई मागे पडली तर नवीन माग घेऊन काय उपयोग? तोही तिच्याकडे बघत बसणार. माग स्वतःच हळू असेल तर कांड्यांचा ढीग पडतो.

टर्मिनलताई | मंगळवार, रात्री १०.४८

हे मी ऑफिसात शिकवताना वापरणार आहे, तुमची परवानगी गृहीत धरते.

तर तुमच्याकडे आत्ता कांड्यांचा ढीग आहे, माग हळू आहे. आता माग का हळू आहे ते बघू. /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड०/डिव्हाइस या फोल्डरात पीपी_डीपीएम_एमसीएलके नावाची फाइल आहे, कधी कधी कार्ड१ असतं. सीन चालू असताना ती कॅट करून, म्हणजे आतलं छापून, दाखवा. मेमरीच्या वेगाच्या पायऱ्या दिसतील आणि चालू पायरीपुढे चांदणी असेल. आणि सूडो डीएमआयडीकोड डॅश टी मेमरी. रॅमच्या किती खाचा भरल्यात आणि कोणत्या वेगाने.

जकार्डवाला | मंगळवार, रात्री ११.०५

चांदणी सगळ्यात वरच्या पायरीपुढे आहे, १०६७ मेगाहर्ट्झ. डीएमआयडीकोडमध्ये एका खाचेत १६ जीबी, कॉन्फिगर्ड स्पीड २१३३. दुसऱ्या खाचेत "नो मॉड्यूल". कॅबिनेट उघडून स्टिक बघितली तर स्टिकरवर ३२०० लिहिलंय.

टर्मिनलताई | मंगळवार, रात्री ११.३०

हा दुसरा चोर, आणि हा पहिल्यापेक्षा शांत. काही बिघडलेलं दिसत नाही, नुसतं हळू असतं.

तुमच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. ते सीपीयूच्याच रॅममधून खातं. एक स्टिक म्हणजे ६४ बिट रुंदीचा एकच रस्ता, म्हणजे एका वेळी ८ बाइट. २१३३ गुणिले ८, म्हणजे सेकंदाला साधारण १७ जीबी. त्यात सीपीयूही वाटेकरी. दोन स्टिका लावल्या तर रस्ते दोन होतात. शिवाय बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, रॅमचं प्रोफाइल चालू केलं की वेगही चढतो. ३४००जीसाठी एएमडीने २९३३ दिलंय. तेवढं धरलं तरी २९३३ गुणिले १६, म्हणजे सुमारे ४६.९ जीबी. पावणेतीन पट.

आता दुकानदाराचं कार्ड. जीटी ७१० च्या ६४ बिट डीडीआर३ प्रकाराची मेमरी सेकंदाला १४.४ जीबी देते. तुमच्या आत्ताच्या लंगड्या रॅमपेक्षाही कमी. शिवाय ते केपलर पिढीचं कार्ड आहे, एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्याच्यासाठी ४७० मालिकेवर थांबलाय. नवीन कर्नल आला की तुम्ही परत इथंच धागा काढणार.

खिडकीवाला | बुधवार, सकाळी ७.५०

हे मात्र मान्य. एका स्टिकवर विंडोजपण असंच रखडतं.

कडकभाकरी | बुधवार, सकाळी ८.१०

माझ्याकडे ८-८ जीबीची जोडी पडून आहे, ३२००ची. विकत घेऊ नका, आधी लावून बघा. संध्याकाळी सात रस्त्याला येतो, तिथं भेटू. चहा तुमचा.

पार्कचौक | बुधवार, सकाळी ९.१५

अवांतर: बायोसमध्ये ग्राफिक्सला २ जीबी राखून ठेवायचा पर्याय असतो. तो वाढवला तर?

टर्मिनलताई | बुधवार, सकाळी ९.४०

या कामात फारसा फरक पडत नाही. राखीव संपलं की एएमडीजीपीयू उरलेल्या रॅममधून घेतो, आणि दोन्ही शेवटी त्याच स्टिकवर. ताट मोठं केलं म्हणून आमटी वाढत नाही.

जकार्डवाला | बुधवार, रात्री १०.२०

कडकभाकरीसाहेब भेटले, घरी येऊन स्वतः स्टिका लावून गेले. चहा नाही, शेंगा चटणी-भाकरी खाऊन गेले. बायोसमध्ये २९३३ ठेवलं.

२६ चे ४५ झाले. पूर्ण खिडकीत!

पण ताई, तुम्ही पावणेतीन पट म्हणाला होतात, दुप्पटसुद्धा नाही झालं?

टर्मिनलताई | बुधवार, रात्री १०.३५

कारण आता रस्ता रुंद झाला आणि पुढचा नाका लागला. जीपीयूची स्वतःची गणितं करायची क्षमता, किंवा यादी. एक अडथळा काढला की दुसरा उघडा पडतो, तिसरा काढला की चौथा. कुठं थांबायचं ते तुम्ही ठरवायचं. ४५ वर गिऱ्हाइकाला चादर गुळगुळीत फिरलेली दिसते ना? मग मी असते तर थांबले असते.

जकार्डवाला | शुक्रवार, दुपारी ३.३०

थांबलो असतो हो, पण दोन भानगडी आहेत.

एक: सकाळी ४५ असतात, आत्ता दुपारी ३० वर आलंय. काही बदललेलं नाही.

दोन: निर्यातवाल्यासाठी दशा, म्हणजे टोकाला मोकळे पीळ, ठेवलेली चादर केलीय. ती उघडली की सकाळीसुद्धा ११. खिडकी चौथाई केली तरी ११! आणि सिस्टिम मॉनिटर सांगतो की सीपीयू फक्त १७ टक्के. कोणीच काम करत नाहीये, मग वेळ जातो कुठं?

भुईकोट | शुक्रवार, दुपारी ३.४१

पहिल्याचं उत्तर खिडकीबाहेर बघा. सोलापूर, मे महिना, दुपारचे साडेतीन, पत्र्याची शेड. सेन्सर्स ही आज्ञा चालवा, तापमान दिसेल.

जकार्डवाला | शुक्रवार, दुपारी ३.५०

के१०टेम्प मध्ये ९४-९५ दिसतंय.

भुईकोट | शुक्रवार, दुपारी ३.५८

या चिपची कमाल मर्यादाच ९५ आहे. तिथं पोचली की ती स्वतःहून वेग उतरवते. मशीन बंद करून प्लग काढा आणि पंख्याखालची जाळी बघा. तुमच्या शेडमध्ये हवेत रुई उडते, ती कुठंतरी बसणारच.

टर्मिनलताई | शुक्रवार, संध्याकाळी ६.१०

भुईकोट बरोबर आहेत. आता दुसऱ्या भानगडीचं.

१७ टक्क्यांनी फसू नका. तुमच्या सीपीयूला आठ धागे आहेत. त्यातला एक पूर्ण भरला तर एकूण आकडा १२.५ टक्केच दिसतो. एचटॉपमध्ये आठ वेगळ्या पट्ट्या बघा, एक टोकाला टेकलेली असेल. आणि खिडकी लहान करूनही वेग तोच, म्हणजे जीपीयू वाट बघतोय. रेडिऑनटॉप टाका, जीपीयू किती कामात आहे ते तो दाखवतो, आणि त्यात "ग्राफिक्स पाइप" ही पट्टी बघा.

जकार्डवाला | शुक्रवार, रात्री ९.००

एक पट्टी १०० ला, बाकी सात झोपलेल्या. ग्राफिक्स पाइप २० टक्क्यांच्या खाली.

म्हणजे एक बाई कांड्या भरतेय आणि सगळे माग तिच्या तोंडाकडे बघत बसलेत.

टर्मिनलताई | शुक्रवार, रात्री ९.१२

नेमकं तेच. आता ती बाई कशात अडकलीय ते बघायला पर्फ आहे. सूडो पर्फ टॉप चालवा, सीन चालू ठेवून. कोणत्या फाइलमधल्या कोणत्या कामात वेळ जातोय ते टक्क्यांत दिसतं. ब्लेंडरची नावं वर असतील तर ब्लेंडर दोषी. रेडिऑनएसआय किंवा गॅलियम नावाची फाइल वर असेल तर ड्रायव्हर. कर्नलमधलं एएमडीजीपीयू वर असेल तर खालचा तुकडा. आणि मला सांगा, दशा कशा केल्यात?

जकार्डवाला | शुक्रवार, रात्री ९.३५

पर्फमध्ये वर ब्लेंडर आहे, त्याच्या पाठोपाठ ती रेडिऑनवाली फाइल. दोघं मिळून बहुतेक सगळं खातात.

दशा? एकेक पीळ वेगळा केला, प्रत्येकाला थोडा वेगळा बाक दिला, खऱ्यासारखं दिसावं म्हणून. दोन्ही बाजूंना मिळून १८०० भरल्या. तीन रात्री लागल्या.

आर्चभाऊ | शुक्रवार, रात्री ९.३८

१८०० वेगवेगळे ऑब्जेक्ट???

टर्मिनलताई | शुक्रवार, रात्री ९.५५

तीन रात्रींबद्दल दंडवत. पण अडतंय तिथंच.

प्रत्येक वेगळ्या ऑब्जेक्टसाठी ब्लेंडर दर चित्राला हिशेब करतो आणि ड्रायव्हरला वेगळा हुकूम देतो. ड्रायव्हर प्रत्येक हुकूम तपासतो, सगळं जागेवर आहे का बघतो आणि मग यादीत टाकतो. जीपीयूला एक दशा रंगवायला काहीच लागत नाही, हुकूम तयार करण्यातच वेळ जातो. १८०० पोती एकेक करून गोदामातून आणायची की एका ट्रकमध्ये भरून?

फाइलची प्रत करून ठेवा. प्रतीत सगळ्या दशा निवडा आणि कंट्रोल जे दाबा. सगळ्यांचा मिळून एकच ऑब्जेक्ट होईल. बाक, पीळ काही बदलणार नाही, तुमच्या तीन रात्री शाबूत राहतील.

पार्कचौक | शुक्रवार, रात्री १०.१०

मेसा_जीएलथ्रेड=ट्रू लावून ब्लेंडर उघडलं तर ड्रायव्हरचं काम दुसऱ्या धाग्यावर जातं म्हणे?

टर्मिनलताई | शुक्रवार, रात्री १०.१८

जातं. लावून बघायला काही मोडत नाही. पण १८०० हुकूम १८०० च राहतात आणि ब्लेंडरचा हिस्सा आहे तिथंच.

जकार्डवाला | शनिवार, सकाळी १०.३०

जीएलथ्रेड लावून ११ चे १२ झाले. कंट्रोल जे दाबून ३९.

शेवटची एक शंका. कापडाचं मटेरियल पहिल्यांदा दिसताना दोन-तीन सेकंद अडकतं, नंतर नाही. हे काय?

आर्चभाऊ | शनिवार, सकाळी १०.४४

शेडर, म्हणजे मटेरियल कसं रंगवायचं ते सांगणारा छोटा प्रोग्रॅम, कम्पाइल होतंय. जीपीयूला कळेल अशा भाषेत उतरवून तो होम फोल्डरच्या कॅशमध्ये ठेवला जातो, पुढच्या वेळी तिथून उचलतो. मेसा अपडेट झाला की पुन्हा एकदा होईल. गिऱ्हाइकाचा कॉल लागायच्या आधी एकदा सगळी मटेरियलं उघडून घेत जा.

जकार्डवाला | रविवार, दुपारी ४.१५

आज सुट्टी, मशीन उघडलं. पंखा काढल्यावर हीटसिंकच्या पात्यांवर जे निघालं त्याला धूळ म्हणता येणार नाही. राखाडी रंगाची, बोटभर जाड, अख्खी सलग घडी. दोन्ही हातांनी उचलली तर तशीच्या तशी वर आली. मुलगी म्हणाली, "बाबा, हे तर घोंगडं विणलंय." त्यात लाल-निळं सूतपण दिसत होतं, गेल्या वर्षी ज्या चादरी काढल्या त्यांचं.

कॉम्प्रेसरने हवा मारणार होतो, कडकभाकरीने फोनवर थांबवलं. म्हणाला, टाकीतलं पाणी आधी सोड आणि पंख्याला बोट लावून धर, नाहीतर हवेने गरागरा फिरून त्याचंच काहीतरी होईल. थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती, नवीन लावली.

आत्ता सव्वाचार वाजलेत, पत्रा तापलेलाच आहे. ७८ डिग्री. सीन ४४ वर.

भुईकोट | रविवार, दुपारी ४.३०

ते घोंगडं टाकू नका, फोटो टाका.

कडकभाकरी | रविवार, संध्याकाळी ७.०५

काय करलालास बे मालक, स्टिका परत कधी देणार? का मीच न्यायला येऊ, चटणी आहे का शिल्लक?

जकार्डवाला | रविवार, संध्याकाळी ७.२०

एक हिशेब सुचवतो. तुझी ८-८ ची जोडी माझ्याकडे राहू दे, माझी १६ ची तू घे. जीबी तेवढीच. वरून एक डबल बेडची चादर, दशावाली. खरी, ब्लेंडरमधली नाही.

कडकभाकरी | रविवार, संध्याकाळी ७.२२

पण मग माझं मशीन एका स्टिकवर येईल की रे!

टर्मिनलताई | रविवार, संध्याकाळी ७.४०

तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे ना, त्याला स्वतःची मेमरी असते. ग्राफिक्सला फारसं कळणारही नाही. चादर घ्या.